क्षितिज न कलता: कोकण किनाऱ्यावर मोटरच्या पॅनिंग हेडने टाइम-लॅप्स

मोटरचे पॅनिंग हेड ही ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्या मधे बसणारी एक फिरती तबकडी असते. तिच्या आत लहान मोटर आणि दातेरी चाके असतात. तबकडी ठरवून दिलेल्या गतीने, ठरवून दिलेल्या कोनातून आडवी फिरते आणि तिच्यावरचा कॅमेरा फिरता फिरता छायाचित्रे घेतो किंवा सलग व्हिडिओ काढतो. तासाभरात ६० अंश इतकी संथ आणि एकसारखी गती हाताने साधत नाही, आणि टाइम-लॅप्सला, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेली छायाचित्रे जोडून तासांचा बदल सेकंदांत दाखवणाऱ्या व्हिडिओला, नेमकी तीच लागते. उपकरण वापरायला अवघड नाही. कोकण किनाऱ्यावर मात्र ते काळजीपूर्वक मांडावे लागते, कारण येथे चौकटीत बहुतेक वेळा समुद्राचे क्षितिज असते आणि त्या सरळ रेघेत एका अंशाचा कलही लपत नाही. झाडीत किंवा बाजारपेठेत खपून जाणारा दोष येथे पहिल्या दोन सेकंदांत डोळ्यांत भरतो. म्हणून पुढे सर्वांत जास्त जागा मांडणीला दिली आहे. यंत्राची बटणे त्याच्या माहितीपुस्तिकेत सापडतीलच.

हेड निवडताना

बाजारात ढोबळपणे तीन प्रकार मिळतात. पहिला स्प्रिंगचा: किल्ली पिळून सोडायचा, तासाभरात एक पूर्ण फेरा घेणारा. दुसरा बॅटरीवरचा, ज्यात ठरावीक वेळा आणि कोन दिलेले असतात आणि दिशा बदलता येते. तिसरा मोबाइलवरील अ‍ॅपने चालणारा, ज्यात कॅमेरा जोडता येतो आणि हेड प्रत्येक छायाचित्राच्या वेळी थांबते, छायाचित्र झाले की किंचित सरकते आणि पुन्हा थांबते. नवख्याने मोबाइलवर काम करायचे असेल तर दुसरा प्रकार पुरेसा आहे; स्वतंत्र कॅमेरा असेल आणि संध्याकाळनंतरही काम करायचे असेल, तर थोडे थांबून तिसराच घ्यावा. स्प्रिंगच्या हेडची गती बदलता येत नाही आणि वाऱ्यात त्याची पकड सैल पडते, त्यामुळे किनाऱ्यासाठी ते स्वस्त असूनही सुचवावेसे वाटत नाही.

वजनाची क्षमता पाहताना कॅमेरा, भिंग आणि बॉलहेड (कॅमेरा हवा तसा झुकवून घट्ट करता येणारा गोळ्याचा सांधा) या तिघांचे वजन मिळवावे आणि त्याच्या दुप्पट वजन पेलणारे हेड घ्यावे. खाली आणि वर कोणते स्क्रू बसतात तेही दुकानातच तपासावे. पाव इंची आणि तीन अष्टमांश इंची असे दोन प्रकार प्रचलित आहेत आणि त्यांना जोडणारी छोटी पितळी चकती पिशवीत असलेली बरी.

घरी बसून करायचा हिशेब

किनाऱ्यावर पोहोचल्यावर आकडेमोड करू नये. प्रकाश तेवढा वेळ देत नाही. भारतात व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा धरणे सोयीचे असते. १० सेकंदांच्या तुकड्याला २५० छायाचित्रे लागतात; दर ४ सेकंदांनी एक घेतले तर १,००० सेकंद, म्हणजे पावणेसतरा मिनिटांच्या आसपास वेळ जातो. तासभर चित्रण केले तर ९०० छायाचित्रे मिळतात आणि ३६ सेकंदांचा तुकडा तयार होतो. किती सेकंदांच्या अंतराने छायाचित्र घ्यायचे हे समोर काय हलते आहे त्यावर ठरते: पावसाळ्यातल्या धावत्या ढगांना २ सेकंद, सूर्यास्ताला ३ ते ५, माडांच्या लांबत जाणाऱ्या सावल्यांना १५ ते २०, आणि भरतीचे पाणी चढताना दाखवायचे असेल तर २० ते ३० सेकंद. अलिबागला कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर पाणी येते कसे हे ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत दाखवायचे म्हटले तर सहा तास लागतात. ३० सेकंदांच्या अंतराने ७२० छायाचित्रे होतात आणि तुकडा २९ सेकंदांच्या आत बसतो.

आता कोन. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची चौकट आडवी साधारण ७० अंशांची असते. चौकटीच्या एका कडेला दिसणारी वस्तू दुसऱ्या कडेपर्यंत जायला तयार व्हिडिओत किमान सात सेकंद लागले पाहिजेत, असा चित्रीकरण करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. त्याहून वेग वाढला की दृश्य धक्के खात सरकते. ७० अंशांच्या चौकटीला हा ठोकताळा लावला तर तयार व्हिडिओत सेकंदाला १० अंश ही कमाल मर्यादा ठरते. क्षितिजाच्या दृश्याला तर त्याच्या निम्म्याहून जास्त वेग देऊच नये, असे माझे मत आहे. स्प्रिंगचे हेड दर १० सेकंदांना १ अंश फिरते. त्यावर ४ सेकंदांचे अंतर ठेवले तर दोन छायाचित्रांत ०.४ अंशाचा फरक पडतो आणि व्हिडिओत तो सेकंदाला थेट १० अंश होतो. अशा हेडने काढलेली दृश्ये नेहमी घाईत असल्यासारखी दिसतात ती याच कारणाने. उलट, तासाभरात ६० अंश आणि ९०० छायाचित्रे असा बेत केला तर दर छायाचित्राला कॅमेरा जेमतेम ०.०७ अंश वळतो, तयार व्हिडिओचा वेग सेकंदाला पावणेदोन अंशांच्या आत राहतो आणि पाहणाऱ्याला कॅमेरा फिरतो आहे हे थोड्या उशिरानेच कळते. नवख्याने सुरुवात ३० ते ६० अंशांपासून करावी. पूर्ण फेऱ्याचा मोह टाळावा, कारण फेऱ्यात कुठेतरी उभी केलेली गाडी, चहाची टपरी आणि स्वतः चित्रण करणाराही येतोच.

पाणी आणि सूर्य यांचे वेळापत्रक

कोकणात भरतीची ढोबळ वेळ काढण्याचा जुना हिशेब तिथीवरून आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाची चूक राहू शकते, त्यामुळे जागा खडकाळ असेल तर बंदराचा भरतीतक्ता पाहूनच जावे. पण महिन्याचा बेत आखायला पाऊणपट पुरते. त्यातून चित्रणाच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, संध्याकाळी पाचसाडेपाचला ओहोटी असते: पाणी दूर गेलेले, ओली पुळण आरशासारखी पसरलेली आणि तिच्यात आकाशाचे रंग उतरलेले. सप्तमी-अष्टमीला, भांगाच्या दिवसांत, सूर्यास्ताच्या वेळी पाणी भरलेले असते आणि किनाऱ्याची पट्टी अरुंद होते. हर्णैसारख्या बंदरात नांगरलेल्या होड्या पाण्यावर डुलताना हव्यात की दूरवर ओल्या वाळूत चाललेल्या बैलगाड्या हव्यात, हे आधी ठरवून मग दिनदर्शिका उघडावी.

सूर्यही जागा बदलतो. आपल्या किनाऱ्यावर जूनअखेरीस तो पश्चिमेच्या उत्तरेला जवळपास २५ अंशांवर मावळतो आणि डिसेंबरअखेरीस तितकाच दक्षिणेला. म्हणजे एकाच पुळणीवरून उन्हाळ्यात जमलेली रचना हिवाळ्यात जमेलच असे नाही. मावळण्यापूर्वीच्या शेवटच्या तासात सूर्य १३-१४ अंश खाली येतो आणि त्याच वेळी उजवीकडे, उत्तरेकडे, साधारण ४ अंश सरकतो. बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन-अडीच मिनिटे लागतात. त्यामुळे कोनाचा बेत शेवटाकडून मांडावा: बिंब बुडताना ते चौकटीत कुठे हवे हे आधी ठरवावे, तिथे कॅमेरा रोखून हेडवर शेवटचा बिंदू नोंदवावा आणि मग ६० अंश मागे जाऊन सुरुवातीचा बिंदू घ्यावा. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढावरून हिवाळ्यात चित्रण करायचे असेल, तर उत्तरेकडच्या किनाऱ्यापासून सुरुवात करून डावीकडे वळत सूर्याशी येऊन थांबणे सोयीचे पडते.

मांडणी: अक्ष ओळंब्यात

बहुतेक जण ट्रायपॉडवर बॉलहेड, त्यावर मोटरचे हेड आणि त्यावर कॅमेरा असा क्रम लावतात आणि मग बॉलहेड वाकवून चौकट साधतात. हा क्रम उलटा आहे. मोटरचे हेड खाली, थेट ट्रायपॉडच्या खांद्यावर बसले पाहिजे आणि बॉलहेड त्याच्या वर. असे केले म्हणजे फिरण्याचा अक्ष उभा राहतो आणि कॅमेरा वर-खाली कितीही झुकवला तरी फिरताना क्षितिज त्याच उंचीवर राहते. अक्षच जर १ अंश कलला असेल, तर सुरुवातीला सरळ दिसणारे क्षितिज ९० अंश फिरल्यावर १ अंशाने तिरपे होते; १,९२० पिक्सेल रुंदीच्या व्हिडिओत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हा फरक ३३ पिक्सेलचा पडतो. प्रत्येक फ्रेम वेगळ्या मापाने तिरपी असल्याने तो नंतर दुरुस्त करणे फार कष्टाचे होते.

अक्ष तपासायला गवंड्याची छोटी पाणसळ लागते. ती मोटरच्या तबकडीवर आडवी ठेवावी, ट्रायपॉडचे पाय लांबीने कमीजास्त करून बुडबुडा मध्यावर आणावा आणि मग तबकडी अर्धा फेरा फिरवावी. बुडबुडा तिथेच राहिला तर त्या दिशेने अक्ष ओळंब्यात आहे. तो सरकला, तर जितका सरकला त्याच्या निम्मी दुरुस्ती पायांनी करावी. उरलेली निम्मी चूक पाणसळीची स्वतःची असते. हेच पुन्हा काटकोनात करावे. यानंतर बॉलहेड आणि कॅमेरा चढवावा, पडद्यावर चौकटीच्या जाळीच्या रेघा चालू कराव्यात, आडवी रेघ क्षितिजावर बसवावी आणि हेड वेगात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन पाहावे. क्षितिज रेघेला शेवटपर्यंत चिकटून राहिले तर पुढे जावे, नाहीतर पुन्हा पायांकडे वळावे. बॉलहेडला हात लावू नये, त्याने दोष फक्त दुसऱ्या टोकाला जातो.

ट्रायपॉड कशावर उभा आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. सड्यावरचा, म्हणजे सपाट कातळपठारावरचा, जांभा उत्तम. कोरड्या वाळूत पाय जोर देऊन आतपर्यंत रोवावेत आणि प्रत्येक पायाखाली जांभ्याचा चपटा तुकडा किंवा फळकूट ठेवावे. लाटेच्या माऱ्यातल्या ओल्या वाळूत ट्रायपॉड लावूच नये: प्रत्येक परतणारी लाट पायाभोवतीची वाळू थोडी थोडी काढून नेते, पाय इतक्या सावकाश खचतो की उभ्या माणसाला कळत नाही, आणि घरी आल्यावर व्हिडिओत क्षितिज हळूहळू बसत चाललेले दिसते. दुपारी खारे वारे जोरात असतात, तेव्हा मधला दांडा वर काढू नये आणि त्याला पिशवी टांगावी, पण ती जमिनीला टेकलेली असावी. लोंबती पिशवी वाऱ्याने झुलते आणि कॅमेऱ्यालाही हलवते. पहाटेचे मतलई वारे सौम्य असतात, त्यामुळे लांब भिंगाचे काम त्या वेळेसाठी राखून ठेवावे.

जवळची वस्तू चौकटीत असेल, उदाहरणार्थ दीड मीटरवरचा सुरूचा बुंधा, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कॅमेरा फिरताना तो बुंधा मागच्या किनाऱ्याच्या तुलनेत सरकल्यासारखा दिसतो. समोरून भिंगात डोकावल्यास आतले छिद्र जिथे दिसते, तो बिंदू फिरण्याच्या अक्षाच्या बरोबर वर आणला की हा फरक जातो. त्यासाठी बॉलहेडवर मागेपुढे सरकणारी पट्टी मिळते. दूरच्या समुद्राला याची काहीच गरज नाही.

कॅमेऱ्याची सोय

सगळे स्वयंचलित बंद करावे: एक्स्पोजर (चित्राचा उजेड), आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) आणि स्थिरीकरण. व्हाइट बॅलन्स स्वयंचलित राहिला तर सूर्यास्ताचा रंग कॅमेरा परस्पर धुऊन टाकतो आणि फ्रेमगणिक तो बदलत राहतो. मोबाइलवर फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करावे आणि एअरप्लेन मोड लावावा, म्हणजे मधेच फोन वाजणार नाही. भर उन्हात मोबाइल तापून बंद पडतो, त्यामुळे त्याच्यावर सावली धरावी. बाजूने सूर्य येत असेल तर प्रत्यक्ष काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नये, पडदा वापरावा.

भर उन्हात एफ ११ (भिंगाच्या छिद्राचे माप) आणि आयएसओ १०० ला शटर साधारण १/२०० सेकंद येते. इतक्या कमी वेळात लाटा गोठतात आणि व्हिडिओत त्या फडफडतात. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) लावला की शटर १/३ सेकंदाच्या आसपास जाते आणि फेसाची धार मऊ होते. दहा स्टॉपच्या फिल्टरने ते ५ सेकंदांपर्यंत नेता येते, पण मग दोन छायाचित्रांतले अंतर त्याहून मोठे ठेवावे लागते आणि हेड थांबून-सरकून चालणारेच हवे. सलग फिरणाऱ्या हेडवर लांब शटर ठेवले, तर लाटांबरोबर किल्ल्याचा तटही पुसट होतो.

सूर्यास्ताला प्रकाश झपाट्याने उतरतो. सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत आपल्याकडे काळोख दाटतो. अनुभवी लोक दर काही मिनिटांनी शटर एक तृतीयांश स्टॉपने वाढवत जातात आणि नंतर संगणकावर पायऱ्या पुसतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. सूर्य क्षितिजापासून हातभर असताना एक्स्पोजर थोडे वरचढ ठेवून कुलूपबंद करावे आणि बिंब बुडाल्यावर दहा मिनिटांनी थांबावे; दृश्य आपोआप काळवंडत जाते आणि ते खरेही वाटते.

चालू करण्यापूर्वी शेवटचे: दातेरी चाकांत नेहमी थोडी ढिलाई असते, म्हणून हेड सुरुवातीच्या बिंदूच्या किंचित मागे नेऊन मग त्याच दिशेने पुढे आणून थांबवावे. तसे न केल्यास पहिली दहावीस छायाचित्रे एकाच जागी निघतात आणि मग दृश्य एकदम सुटते. चित्रण सुरू झाल्यावर ट्रायपॉडजवळ येरझारा घालू नयेत, विशेषतः लाकडी धक्क्यावर.

सलग व्हिडिओ काढताना

संथ फिरत्या व्हिडिओला वरचा हिशेब तसाच लागू आहे, फक्त वेळ खऱ्या घड्याळाची असते. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, आणि वेग सेकंदाला ३ ते ५ अंश. रात्री जेटीवरच्या दिव्यांत शटर १/५० किंवा १/१०० च ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर वेगांना दिवे लुकलुकतात. दोन्ही टोकांना पाच सेकंद स्थिर चित्र घ्यावे. ज्या हेडला हळूहळू सुटण्याची सोय नाही, ते आधी फिरू द्यावे आणि सुटतानाचा धक्का नंतर कापून टाकावा. मोटरची घरघर माइकमध्ये येतेच, म्हणून लाटांचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करावा.

परवानगी आणि रात्र

केंद्रीय संरक्षित किल्ल्यांच्या आत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. किनाऱ्यावरून किल्ल्याचे दृश्य घेणे बहुधा जास्त चांगलेही दिसते. मासळीच्या लिलावाच्या वेळी धक्क्यावर जागा अडवण्यापूर्वी तिथल्या लोकांना विचारावे. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात रात्री टॉर्च लावू नये आणि हेडवरचा चमकता दिवाही काळ्या चिकटपट्टीने झाकावा. अंडी घालायला येणारी मादी आणि समुद्राकडे निघालेली पिल्ले प्रकाशाने भरकटतात.

घरी आल्यावर

खारी हवा आणि वाळू ही या यंत्राची खरी शत्रू आहेत. ट्रायपॉड मिटण्यापूर्वी पायांवरची वाळू ब्रशने झाडावी. वाळूसकट मिटला तर कड्या घासून सैल होतात. मोटरच्या हेडवर पाणी ओतू नये, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने ते पुसावे, मग कोरडे पुसावे आणि फटीतली वाळू मऊ ब्रशने काढावी. फुंकर मारून ती आत ढकलली जाते. स्क्रूंना महिन्यातून एकदा तेलाचा हलका हात द्यावा. पावसाळ्यात कॅमेरा आणि भिंगे सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावीत, नाहीतर भिंगात बुरशी धरते. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना पिशवी अर्धा तास बंदच ठेवावी, म्हणजे काचेवर बाष्प धरत नाही.

छायाचित्रे संगणकावर उतरवून डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ-संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत एकत्र घ्यावीत. क्रमाने नावे असलेली छायाचित्रे तो एकाच तुकड्यासारखी उघडतो. प्रकल्पाची गती पहिल्याच पायरीला २५ फ्रेमवर ठेवावी, कारण टाइमलाइनवर काही टाकल्यानंतर ती बदलता येत नाही.